गाळलेल्या ओव्या आणि गाळलेल्या तळटीपा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय बायबलाच्या नव्या आवृत्त्यांत काढून पाहिला, की विसाव्या ओवीनंतर एकदम बाविसावी येते. एकविसावी कुठे गेली, असे विचारणारा संदेश खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये मोबाईलवरून पुन्हापुन्हा फिरतो. सोबत यादी असते: मत्तय १८:११, मत्तय २३:१४, मार्क ९:४४ आणि ४६, प्रेषितांची कृत्ये ८:३७. खाली ठरलेली ओळ: ‘भाषांतरकारांनी देवाचे वचन कापले, सावध राहा.’ आपल्या पत्रांच्या सदरात गेले काही दिवस याच विषयावर वाद चालू आहे. एका बाजूचे वाचक लिहितात, बायबलात काना-मात्रेचाही फरक नाही. दुसऱ्या बाजूचे विचारतात, ज्यांचे आपली पुस्तके ६६ (प्रॉटेस्टंट) की ७३ (कॅथलिक) यावर एकमत होत नाही, त्यांनी अचूकपणाचा दावा कसा करावा? दोन्हीकडे चार वेगळे प्रश्न एकाच गाठीत बांधले गेले आहेत. पुस्तके कोणती, त्या पुस्तकांचा पाठ, म्हणजे शब्दशः मजकूर, कोणता, त्या पाठाचे भाषांतर कसे, आणि ‘अचूक’ हा शब्द यांपैकी नेमका कशाला लावायचा. गाठ सोडवायला एकविसाव्या ओवीपासूनच सुरुवात करावी, कारण लोकांच्या मनात खरी बोच तिथे आहे.

नव्या कराराच्या मूळ ग्रीक लिखाणात ओव्यांचे आकडे नव्हते. आज आपण वापरतो ते आकडे रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ सालच्या आपल्या ग्रीक आवृत्तीत घातले. त्याच्या काळी छापखान्यांना मिळत होत्या त्या बहुतेक उशिराच्या, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकाच्या आसपासच्या पोथ्या. त्यांत सतराव्या अध्यायात ‘ही जात प्रार्थना आणि उपास यांवाचून निघत नाही’ असे वाक्य होते; त्याला २१ हा आकडा मिळाला. पुढे चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या पोथ्या अभ्यासकांच्या हाती आल्या, एक व्हॅटिकनच्या ग्रंथालयातली आणि दुसरी सिनाय पर्वतावरच्या मठातली. दोन्हींत ते वाक्य नाही. सिनायच्या पोथीत नंतरच्या हाताने ते समासात घातलेले दिसते. मजकूर कमी झाला, पण आकडे बदलता येईनात, कारण जगभरच्या सूची, टीका आणि उपदेश त्याच आकड्यांवर चालतात. म्हणून २१ ची जागा रिकामी राहिली. ज्याला मजकूर लपवायचा असेल तो आकडे नव्याने लावून टाकील. भोक उघडे ठेवणार नाही.

हे वाक्य आले कुठून, तेही सांगता येते. मार्क ९:२९ मध्ये याच प्रसंगी येशू जवळजवळ हेच बोलतो. मत्तय १८:११ चे वाक्य लूक १९:१० मध्ये आहे. मत्तय २३:१४ चे मार्क १२:४० मध्ये. मार्क ९:४४ आणि ४६ ही तर ४८ व्या ओवीचीच दोनदा केलेली पुनरावृत्ती. नकल करणाऱ्या लेखनिकाला चारही शुभवर्तमाने तोंडपाठ असत. एका ठिकाणचे लिहिताना दुसऱ्या ठिकाणचे शब्द आपोआप हाताखाली येत, किंवा त्याला वाटे की मागच्या लेखनिकाकडून ओळ सुटली, आपण भरून काढू. आपल्याकडे एकच अभंग दोन गावच्या टाळकऱ्यांच्या तोंडी दोन तऱ्हेने असतो, तसे हे आहे. त्यात कपट नाही, प्रेमच आहे. पण प्रेमाने घातलेला शब्दही मागाहून घातलेलाच असतो.

उपासाचा मुद्दा थोडा अधिक स्पष्ट करतो, कारण उपास-प्रार्थनेच्या कित्येक बैठकांत याच ओवीवर उपदेश होतो. मार्क ९:२९ मध्येही ‘आणि उपास’ हे शब्द त्या दोन जुन्या पोथ्यांत नाहीत. तिथे फक्त प्रार्थना आहे. म्हणून उपास बायबलातून गेला का? मत्तय ६:१६ ते १८ मध्ये उपास कसा करावा हे स्वतः येशू सांगतो, आणि त्या ओव्यांबद्दल वाद नाही. उपासाची शिकवण तिथून द्यावी. पाया पक्का असेल तिथे खांब रोवावा.

पोथ्या ताडून पाहण्याचे हे काम परक्यांचे, आपल्या मातीला अनोळखी, असे समजू नये. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला, तो याच कारणासाठी. वि. का. राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यातच उभे आहे. एकनाथांच्या आधीचा पाठ म्हणून राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीची एक पोथी छापली आणि तिच्यावर मोठा वाद झाला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा १,२५९ हस्तलिखिते तपासली आणि मागून शिरलेले कितीतरी श्लोक मुख्य पाठातून काढून खाली टीपांत व परिशिष्टांत दिले. म्हणून कुणी महाभारत कापले असे म्हणत नाही. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखिते साडेपाच हजारांहून अधिक आहेत. एवढ्या प्रती म्हणजे फरकही भरपूर, आणि फरक पकडण्याची साधनेही भरपूर. त्यांतले बहुतेक फरक शुद्धलेखनाचे, शब्दांच्या क्रमाचे, ‘येशू’ की ‘प्रभू येशू’ अशा धर्तीचे आहेत.

मोठे म्हणावेत असे मोजकेच, आणि ते पाळकाने मंडळीला नावानिशी सांगावेत. मार्क १६:९ ते २० हा शेवट त्या दोन जुन्या पोथ्यांत नाही. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा प्रसंग, योहान ७:५३ ते ८:११, सर्वांत जुन्या पोथ्यांत नाही. काही पोथ्यांत तो दुसऱ्याच जागी सापडतो. १ योहान ५:७ मधले ‘स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत, पिता, शब्द व पवित्र आत्मा’ हे वाक्य लॅटिन परंपरेतून आले. इरास्मस या डच विद्वानाने १५१६ आणि १५१९ च्या आपल्या ग्रीक आवृत्त्यांत ते घेतले नव्हते. त्यावर गदारोळ झाला. मग ते असलेली एक ग्रीक पोथी त्याच्यापुढे ठेवली गेली, ती त्याच्याच काळात लिहिलेली, आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने वाक्य घातले. तिथून ते इंग्रजीच्या १६११ च्या बायबलात गेले. पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत या एका वाक्यावर टांगलेला नाही. मत्तय २८:१९ जागच्या जागी आहे. पण ज्या पाळकाने वर्षानुवर्षे याच वाक्यावर त्रैक्य शिकवले, त्याच्या श्रोत्याला एक दिवस नव्या प्रतीत ते दिसत नाही, आणि फसवले गेल्याची भावना त्याच्या मनात घर करते. तिचा दोष मी नव्या प्रतीला देणार नाही.

आता पुस्तकांची यादी. निकियाच्या धर्मसभेत ३२५ साली सम्राटाने बायबलची पुस्तके ठरवली, असे दोन्ही बाजूंची पत्रे धरून चालतात. ते खरे नाही. निकियात वाद झाला तो ख्रिस्ताच्या स्वरूपाचा. ग्रंथांची यादी तिथल्या ठरावांत नाही. नव्या कराराची आजची २७ पुस्तके, तेवढीच आणि तीच, नावानिशी प्रथम दिसतात ती इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने ३६७ साली लिहिलेल्या पुनरुत्थान सणाच्या पत्रात. ३९७ च्या कार्थेजच्या सभेत तीच यादी आली. तोवर इब्री लोकांस पत्र, याकोब, २ पेत्र, २ व ३ योहान, यहूदा आणि प्रकटीकरण यांच्याबद्दल ठिकठिकाणी शंका होत्या. सिनायच्या त्या पोथीत बर्णबाचे पत्र आणि हर्मासचा ‘मेंढपाळ’ हेही बांधलेले आहेत. सिरियन मंडळीच्या प्राचीन काळच्या नव्या करारात २२ च पुस्तके होती. यहूदाच्या पत्रात, १४ व्या ओवीत, हनोखाच्या ग्रंथातले वचन येते. तो ग्रंथ आज फक्त इथिओपियाच्या आणि एरिट्रियाच्या मंडळ्या शास्त्रात धरतात. म्हणजे यादी एका बैठकीत ठरली नाही. उपासनेत काय वाचले जाते, प्रेषितांशी त्याचा संबंध लागतो का, सर्व ठिकाणच्या मंडळ्या ते मानतात का, या कसोट्यांवर ती तीनशे वर्षांत रुळली.

६६ आणि ७३ मधला फरक मात्र सगळा जुन्या करारातला. येशूच्या आधी अलेक्झांड्रियात इब्री ग्रंथांचे ग्रीक भाषांतर झाले. त्या परंपरेत तोबित, यहूदिथ, मक्काबींची दोन पुस्तके, शलमोनाचे ज्ञान, सिराख, बारूख आणि एस्तेर व दानीएल यांतले जादा भाग होते. यहुदी धर्मगुरूंच्या इब्री संग्रहात ते नव्हते. पहिल्या मंडळ्या ग्रीक बोलणाऱ्या. त्यांनी ग्रीक संग्रह वापरला. चौथ्या शतकातला विद्वान जेरोम याने लॅटिन भाषांतर करताना इब्रीकडे वळून या पुस्तकांना दुय्यम म्हटले, त्याच काळातला बिशप ऑगस्टीन याने ती शास्त्रात धरली. ल्यूथरने १५३४ च्या जर्मन बायबलात ती दोन करारांच्या मध्ये वेगळी छापली, काढून टाकली नाहीत. रोमन कॅथलिक मंडळीने १५४६ मध्ये ट्रेंटच्या सभेत ती प्रमाण म्हणून जाहीर केली. १६११ च्या इंग्रजी बायबलातही ती छापलेली होती.

मग आपल्याकडच्या प्रॉटेस्टंट घरांतल्या ‘पवित्र शास्त्रा’त ती पानेच का नाहीत? लंडनच्या ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने १८२६ मध्ये ठरवले की ही पुस्तके छापायला पैसा द्यायचा नाही. स्कॉटलंडच्या शाखांचा त्यासाठी फार आग्रह होता. त्यानंतर सोसायटीच्या मदतीने जिथे जिथे बायबल छापले, तिथे ती पुस्तके गेलीच नाहीत. खानदेशात आलेले मिशनरी बहुतेक अमेरिकेतल्या आणि स्वीडन-नॉर्वेकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे. त्यांनी ६६ पुस्तकांची प्रत हातात दिली, आणि दोन-तीन पिढ्यांत ‘बायबल म्हणजे ६६’ हे सूर्यप्रकाशाइतके उघड वाटू लागले. सिद्धांताची बाजू होतीच, पण आपल्या कपाटातल्या प्रतीवर छपाईच्या खर्चाच्या एका ठरावाचाही ठसा आहे. कॅथलिक शेजाऱ्याने पुस्तके ‘घुसडली’ असे म्हणण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. आणि कॅथलिक बंधूंनीही ‘तुम्ही फाडली’ म्हणू नये, कारण इब्री संग्रहाची मर्यादा ही जेरोमइतकी जुनी भूमिका आहे.

‘अचूक’ या शब्दाकडे येतो. इव्हँजेलिकल मंडळ्या ज्या जाहीरनाम्याच्या आधाराने बोलतात तो १९७८ साली शिकागोत झाला. त्याच्या दहाव्या कलमात स्पष्ट आहे की ईश्वरप्रेरणा काटेकोर अर्थाने मूळ हस्तलिखितांपुरती. प्रती आणि भाषांतरे मुळाशी जितकी प्रामाणिक, तितकी ती देवाचे वचन. तेराव्या कलमात म्हटले आहे की गोळाबेरीज आकडे, व्याकरणातल्या अनियमितता, डोळ्यांना दिसते तसे केलेले निसर्गवर्णन, सैल अवतरणे यांना चूक मानू नये. म्हणजे ‘माझ्या हातातल्या मराठी प्रतीत काना-मात्रेचा फरक नाही’ हे विधान त्या जाहीरनाम्यातही नाही. कॅथलिक मंडळीने १९६५ च्या व्हॅटिकन सभेत वेगळी मांडणी केली: आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य शास्त्रात नोंदवून ठेवायचे होते, ते शास्त्र निश्चितपणे आणि चुकीशिवाय शिकवते. या दोन भूमिकांवर गंभीर वाद होऊ शकतो आणि व्हावा. पण तिसरीच, कुणीही न मांडलेली भूमिका घेऊन भांडण्यात काय अर्थ?

उदाहरण घ्या. २ राजे ८:२६ म्हणते, अहज्या गादीवर बसला तेव्हा २२ वर्षांचा होता. इब्री पाठात २ इतिहास २२:२ म्हणते, ४२ वर्षांचा. त्याच्या आधीच्या अध्यायात त्याचा बाप यहोराम ३२ व्या वर्षी राजा होतो आणि ८ वर्षे राज्य करून मरतो, म्हणजे वय ४०. चाळिसाव्या वर्षी मेलेल्या बापाचा गादीवर बसणारा मुलगा ४२ वर्षांचा असू शकत नाही. हा लेखनिकाचा हात चुकल्याचा दाखला आहे, एवढे सर्व पक्षांचे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. आणखी एक: १ शमुवेल १३:१ मध्ये शौल राजा झाला तेव्हा किती वर्षांचा होता, तो आकडाच इब्री पाठातून गळला आहे, आहे तसे वाचले तर तो एक वर्षाचा ठरतो. दाविदाने मारलेला गल्याथ इब्री पाठात सहा हात एक वीत उंच आहे. ग्रीक भाषांतराच्या जुन्या पोथ्यांत आणि मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत सापडलेल्या शमुवेलाच्या गुंडाळीत मात्र चार हात एक वीत. पहिला सुमारे पावणेदहा फुटांचा, दुसरा पावणेसात. ज्याला मुलांच्या रविवारच्या शाळेत ही गोष्ट सांगायची आहे, त्याने कोणता आकडा सांगायचा ते ठरवावे, पण दुसरा आहे हे स्वतःला तरी माहीत असावे. दुसऱ्या बाजूला त्याच कुमरानची यशयाची गुंडाळी, सात मीटरांहून लांब, इ. स. पूर्वीची, आपल्याकडच्या संपूर्ण इब्री पोथ्यांपेक्षा हजारहून अधिक वर्षांनी जुनी. आणि तरीही मजकूर मोठ्या प्रमाणात जुळतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

‘मूळ हस्तलिखित’ या कल्पनेवर मात्र थोडे थांबायला हवे, कारण तिथे अचूकतावाद्यांनीही नीट विचार केलेला फार कमी दिसतो. यिर्मया ३६ वाचावा. यिर्मया तोंडाने सांगतो, बारूख शाईने लिहून घेतो. ती गुंडाळी राजा यहोयाकीमापुढे वाचली जाते. तीन-चार रकाने झाले की राजा चाकूने कापून शेगडीत टाकतो, अशी सगळी जळते. मग यिर्मया पुन्हा सांगतो, बारूख पुन्हा लिहितो, आणि शेवटची ओवी म्हणते की तशाच आणखी पुष्कळ गोष्टी तिच्यात घातल्या. यांतले मूळ कोणते? हे केवळ कल्पनेचे कोडे नाही. यिर्मयाचे ग्रीक भाषांतर इब्रीपेक्षा सुमारे सातव्या-आठव्या हिश्शाने आखूड आहे, अध्यायांचा क्रमही वेगळा आहे, आणि कुमरानात दोन्ही तऱ्हेच्या इब्री पाठांचे तुकडे सापडले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतले, हे आपल्याला ठाऊक आहे. बोललेला शब्द, टिपलेला शब्द, छापण्याआधी पुन्हा पाहिलेला शब्द, हे सगळे अस्सलच आहेत. प्रेरणेचा सिद्धांत मांडणाऱ्याने प्रेरणा या सगळ्या वाटचालीला कशी लागू होते ते सांगावे. एकाच चर्मपत्राच्या तुकड्यावर सगळा भार टाकला, तर यिर्मयाचेच पुस्तक त्याला उत्तर विचारील.

भाषांतराचा प्रश्न सर्वांत जवळचा. योना ४:६ मध्ये देव योनाच्या डोक्यावर सावली धरणारे एक झाड एका रात्रीत वाढवतो. इब्री शब्द ‘कीकायोन’. जुन्या ग्रीक व लॅटिन भाषांतरांत त्याचा भोपळा झाला होता. जेरोमने भोपळा काढून तिथे ‘हेदेरा’ हा वेल घातला. ४०३ साली ऑगस्टीनने त्याला पत्र लिहून कळवले की उत्तर आफ्रिकेतल्या ओइया गावी हे नवे भाषांतर उपासनेत वाचले गेले, आणि या एका शब्दावरून एवढा गोंधळ उडाला की बिशपाला मंडळी सोडून जाईल अशी धास्ती पडली. शेवटी त्याने जुना शब्द परत घातला. सोळाशे वर्षांपूर्वीचा हा प्रसंग आजच्या मोबाईल संदेशांसारखाच आहे, कानाला सवय झालेला शब्द हलला की लोक हलतात. आता ते झाड कोणते होते ते पाहू. जेरोमने स्वतः त्याचे वर्णन केले आहे: रुंद पान, गडद सावली, आधाराशिवाय आपल्या खोडावर उभे, आणि झपाट्याने वाढणारे. खानदेशातला कोणताही शेतकरी हे ऐकून म्हणेल, हा तर एरंड! आजचे बहुतेक अभ्यासकही तेच म्हणतात. सातव्या ओवीत पहाटे एक कीड येते आणि झाड वाळते. एरंडावर उंटअळी पडली की पानांच्या नुसत्या शिरा उरतात, हे बांधावर एरंड असलेल्या घरात सांगावे लागत नाही. मराठीत ‘तुंबी’ वाचणाऱ्या माणसाला या दोन ओव्या परक्या वाटतात. ‘एरंड’ वाचणाऱ्याला त्या आपल्या शेतातल्या वाटतात. इथे अचूकपणा आणि जवळीक एकाच शब्दात मिळते.

उलटही होते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात, लूक १५:१६ मध्ये, डुकरे खात त्या ‘शेंगा’ आपल्यालाही मिळाव्यात असे भुकेल्या मुलाला वाटते. खानदेशात शेंगा म्हटले की भुईमुगाच्या. मग मुलाची दैना कळत नाही, उलट त्याची बरी सोय झाली असे वाटते. मूळ शब्द भूमध्य समुद्राकाठच्या कॅरोब झाडाच्या शेंगांचा आहे, गुरांना घालायच्या. ‘बाभळीच्या शेंगांसारख्या’ असे दोन शब्द जोडले तर अर्थ लागतो. योगायोग असा, की ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात प्रत्येक बोलीचा पहिला नमुना म्हणून हाच दाखला घेतला होता. १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिली बोलींसोबत खानदेशीतही तो छापला आहे. ‘मुलगा’चा ‘आंडोर’ आणि ‘मला’चा ‘माले’ तेव्हापासून छापील पानावर आहेत. आपली बोली शास्त्राला कमी पडते, असे म्हणायला जागा उरत नाही.

मराठीची स्वतःची अडचणही सांगतो. ग्रीकमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच रूप. मार्क ४:३८ मध्ये वादळात शिष्य येशूला उठवतात. ‘आम्ही बुडतो’ म्हणायचे की ‘आपण बुडतो’? पहिल्यात तक्रार आहे, तुम्हांला आमची फिकीर नाही. दुसऱ्यात येशूही त्याच होडीत, त्याच धोक्यात. ग्रीक शब्द दोन्ही सोसतो, मराठी सोसत नाही. भाषांतरकाराला एक निवडावेच लागते. ‘बाप्तिस्मा’ शब्दात उलटी युक्ती आहे, भाषांतर न करता शब्दच उचलला. बुडवणे की शिंपडणे हा पंथांतला वाद त्यामुळे पानाबाहेर राहिला. बंगालीत बाप्टिस्ट भाषांतरकारांनी ‘बुडवणे’ असा अर्थाचा शब्द घातला, तेव्हा बायबल सोसायटीने मदत नाकारली, आणि १८४० मध्ये बाप्टिस्टांनी वेगळी भाषांतर संस्था काढली. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ इब्री व ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बायांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल केले; १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. कोणत्या शब्दात किती पांडित्य ठेवायचे हा प्रश्न त्यांनी शंभर वर्षांपूर्वी सोडवून दाखवला, आणि आपण अजून ‘नीतिमत्त्व’ हा शब्द सातपुड्यातली पावरी बोली बोलणाऱ्या माणसापुढे तसाच ठेवतो.

म्हणून अहिराणी, मावची, पावरी, देहवाली अशा बोलींत जे भाषांतर करत आहेत किंवा करू पाहत आहेत, त्यांच्यासाठी काही रोखठोक गोष्टी. नव्या करारात २६० अध्याय, जवळजवळ ८,००० ओव्या. दिवसाला १० ओव्या आणि वर्षाला २०० कामाचे दिवस धरले, तर नुसत्या पहिल्या खर्ड्याला चार वर्षे लागतात. यात घाई झाली की मराठी किंवा हिंदी प्रतीवरून ओळीला ओळ लावली जाते, आणि ‘शेंगा’सारखी प्रत्येक चूक नव्या बोलीत जशीच्या तशी उतरते. गटात ग्रीक-इब्री जाणणारा कुणी नसेल, तर अशा जाणकाराने प्रत्येक अध्याय तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. मुख्य शब्दांची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी: कृपा, पाप, तारण, आत्मा, करार, कुठे कोणता शब्द वापरला आणि का. ही वही नसली की रोमकरांच्या पत्रात एक शब्द आणि गलतीकरांच्या पत्रात दुसरा, असे होते. खर्डा झाला की ज्याने तो मजकूर आधी ऐकलेला नाही अशाला मोठ्याने वाचून दाखवावा. ‘समजले का?’ असे विचारू नये, उत्तर नेहमी ‘हो’ येते. ‘कोण कोणाला काय म्हणाले? मग काय झाले?’ असे विचारून त्याच्या शब्दांत सांगून घ्यावे. बाया आणि पुरुष, म्हातारे आणि शाळेत जाणारे, यांची वेगवेगळी बैठक घ्यावी. शाळेत शिकलेल्याला मराठीमिश्रित बोली कळते, म्हणून ती सगळ्यांना कळते असा भ्रम होतो. मग गटाबाहेरच्या, मूळ न पाहिलेल्या माणसाकडून ते पुन्हा मराठीत उतरवून घ्यावे. हरवलेला किंवा वाढलेला शब्द तिथे उघडा पडतो.

उपमा आणि घटना यांत मात्र भेद करावा. यशया १:१८ मध्ये पापे ‘हिमासारखी पांढरी’ होतील असे आहे. सातपुड्यात बर्फ म्हणजे बाजारातली लादी, आणि ती पांढरी नसते. तिथे मुख्य पाठात कापूस आणि तळटीपेत हिम, हे मला योग्य वाटते, कारण मुद्दा पांढरेपणाचा आहे. पण २ शमुवेल २३:२० मध्ये बनाया बर्फ पडलेल्या दिवशी खड्ड्यात उतरून सिंह मारतो. तिथे बर्फ हा घडलेल्या गोष्टीचा भाग आहे, तो काढता येत नाही. टीप द्यावी, पण बर्फ राहू द्यावा.

आता माझे मागणे, आणि त्यासाठीच हे पत्र. स्वस्त आवृत्त्या काढताना पानांची बचत म्हणून तळटीपा गाळल्या जातात. मोबाईलवरच्या प्रतींत त्या एका बारीक खुणेमागे दडतात आणि बहुतेक वाचकांना तिथे बोट लावायचे असते हेच माहीत नसते. टीप गेली की २१ व्या ओवीच्या जागी फक्त भोक दिसते, २ इतिहासातले अहज्याचे वय ४२ चे गुपचूप २२ होते, आणि संशयाला रान मोकळे मिळते. प्रकाशकांनी निदान तीन तऱ्हेच्या टीपा कोणत्याही आवृत्तीत गाळू नयेत: जुन्या पोथ्यांत नसलेला मजकूर, आकड्यांतला फरक, आणि जिथे मूळ शब्दाचे दोन अर्थ होतात ती जागा. जागा वाचवायचीच असेल तर शेवटचे रंगीत नकाशे वगळावेत. रविवारी वाचन करणाऱ्याने टीप आली की तीही मोठ्याने वाचावी, ‘काही जुन्या पोथ्यांत ही ओवी नाही’ एवढेच. सहा शब्द लागतात. मत्तय १७ पासून हे सुरू करता येईल, कारण प्रश्न तिथूनच येतो आहे.

आपला,
शास्त्रपाठाचा एक अभ्यासक,
धुळे